व्होल्ट आणि अँपिअर मोजून रोध आणि वॅट काढायची रीत

व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हातात असले की रेझिस्टन्स, म्हणजे रोध, आणि वॅट काढणं हे नुसतं भागाकार-गुणाकाराचं काम आहे. घोटाळा होतो तो आकडे वेगवेगळ्या वेळचे आणि वेगवेगळ्या जागचे घेतल्यामुळे. व्होल्टेज दुपारी मेन बोर्डावर मोजलं, करंट सकाळी गिझरपाशी, आणि वॅट गिझरच्या नेमप्लेटवरून उचलले, तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं. ज्या वस्तूचा हिशोब करायचा तिच्याच दोन टोकांवरचं व्होल्टेज, तिच्यातूनच जाणारा करंट, आणि दोन्ही ती चालू असताना एकाच वेळी मोजलेले. एवढं सांभाळलं तर पुढची सगळी उत्तरं भरवशाची येतात.

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, हा नियम ज्याच्या नावानं ओळखला जातो त्या गेओर्ग ओहमलाही हीच अडचण आली होती. त्याच्या काळातल्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच उतरायचं आणि आकडे जुळायचे नाहीत. शेवटी त्यानं तांबं आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, एक सांधा बर्फात आणि दुसरा उकळत्या पाण्यात ठेवला. त्यातून स्थिर व्होल्टेज मिळालं आणि नियम स्पष्ट झाला. १८२७ साली त्यानं तो पुस्तकातून मांडला. नाशकात जानेवारीत सकाळी सात वाजता कॉलनीतले सगळे गिझर एकदम चालू असतात, तेव्हा घरातलं व्होल्टेजही असंच हलत असतं. म्हणून दोन्ही आकडे एकदमच टिपायचे.

सूत्रं चारच:

रोध = व्होल्टेज ÷ करंट
वॅट = व्होल्टेज × करंट
वॅट = करंट × करंट × रोध
वॅट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये. मीटर मिलिअँपिअर दाखवत असेल तर आधी १००० ने भागा, किलोओहम दाखवत असेल तर १००० ने गुणा. हे विसरलं की उत्तर हजारपट चुकतं, आणि घरगुती उपकरण लाखभर वॅटचं निघालं तर चूक लगेच कळतेही.

चारही सूत्रं आतून एकच असली तरी कामाच्या जागा वेगळ्या आहेत. तार, जॉइंट किंवा वाइंडिंग किती तापेल हे बघायला तिसरं, कारण त्यांच्यातून किती करंट जाणार हे पुढचा लोड ठरवतो. गिझर, इस्त्री, पाण्याचा रॉड यांचं कमी-जास्त व्होल्टेजला काय होईल हे बघायला चौथं, कारण त्यांच्या तारेचा रोध जवळपास तोच राहतो.

सामान आणि मोजणीचा बोर्ड

मल्टीमीटर कॅट थ्री या सुरक्षा श्रेणीतला, ६०० व्होल्टचा घ्या. क्लँप मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा, शक्यतो ट्रू आरएमएस असलेला. एलईडी, इन्व्हर्टर एसी, कॉम्प्युटर यांचा करंट साध्या लाटेसारखा नसतो, आणि साधा क्लँप तिथे कमी आकडा दाखवतो. गिझर-इस्त्रीसाठी साधा क्लँपही चालतो.

क्लँपच्या जबड्यात एकच वायर घालायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घातले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतं. उपकरणाची केबल तीन कोअरची असते आणि ती सोलत बसणं धोक्याचं, म्हणून मोजणीसाठी वेगळा बोर्ड बनवून ठेवा. १६ अँपिअरचा थ्री पिन टॉप, मीटरभर तीन कोअरची २.५ स्क्वेअर एमएम केबल, आणि दुसऱ्या टोकाला एका डब्यात दोन सॉकेट. केबलच्या मधोमध १५ सेंटीमीटर बाहेरचं आवरण काढा. आतल्या तिन्ही वायरींच्या स्वतःच्या इन्सुलेशनला ब्लेडचा ओरखडाही लागू देऊ नका. आता फेजची वायर क्लँपमध्ये सहज घालता येते, एका सॉकेटमध्ये उपकरण लागतं आणि दुसऱ्यात मल्टीमीटरचे प्रोब. दोन्ही आकडे एकाच जागी, एकाच वेळी मिळतात. हा बोर्ड मोजण्यापुरताच, ओल्या फरशीवर ठेवायचा नाही, आणि मोजणी झाली की काढून ठेवायचा.

याच बोर्डावर फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लँपमध्ये घातले आणि शून्याऐवजी आकडा दिसला, तर तेवढा करंट अर्थिंगमधून गळतोय. घरातली आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडते. एवढी बारीक गळती साध्या क्लँपवर नीट दिसत नाही, त्यासाठी लीकेज क्लँप लागतो.

करंट फार कमी असेल, समजा मोबाइलचा चार्जर, तर फेजची वायर क्लँपच्या जबड्याभोवती पाच वेढे घालून मोजा आणि आकडा ५ ने भागा. मोजणीच्या बोर्डात त्यासाठी फेजची वायर जरा लांब ठेवली तर बरं.

मल्टीमीटरवर करंट मोजायचं वेगळं सॉकेट असतं, बहुतेक वेळा त्यावर १० अँपिअर लिहिलेलं. लाल प्रोब तिथे राहून गेला आणि तोच मीटर घेऊन तुम्ही सॉकेटचं व्होल्टेज मोजायला गेलात, तर फेज आणि न्यूट्रलमध्ये सरळ शॉर्ट होतो. मीटर फुटतं, हात भाजतो. घरगुती लाइनचा करंट क्लँपनंच मोजा आणि मल्टीमीटरचा लाल प्रोब कायम व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्येच ठेवा. आणि ओहम मोजताना सप्लाय बंद, उपकरण प्लगमधून बाहेर. मोटरला कपॅसिटर असेल तर तो आधी डिस्चार्ज झालेला हवा.

गिझरचा हिशोब

२००० वॅट, २३० व्होल्ट असं प्लेटवर लिहिलंय. चौथं सूत्र उलटं करून रोध काढा: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. प्लग काढून, थर्मोस्टॅट चालू स्थितीत ठेवून, मल्टीमीटरनं फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये मोजलं तर साधारण एवढंच यायला हवं. नव्या एलिमेंटमध्येही पाच-दहा टक्के फरक चालतो. प्लेटवर २४० व्होल्ट लिहिलं असेल तर तोच हिशोब २८.८ ओहम देतो, त्यामुळे प्लेटवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय एलिमेंट खराब ठरवू नका. रोध अनंत आला तर एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट तुटलाय. दोन एलिमेंटच्या गिझरमध्ये बरोबर दुप्पट आला तर एक गेलंय. अर्थच्या पिनेपासून इतर दोघांपैकी कुठेही रोध दिसला तर गिझर वापरायचा नाही.

आता चालू करून मोजा. मोजणीच्या बोर्डावर समजा २१९ व्होल्ट आणि ८.२८ अँपिअर आले. रोध २१९ ÷ ८.२८ = २६.४५ ओहम, म्हणजे एलिमेंट ठणठणीत. वॅट २१९ × ८.२८ = १८१३. प्लेटवरचे २००० नाहीत, आणि त्यात गिझरचा काही दोष नाही.

इथे एक चूक फार होते, शिकलेल्या माणसांकडूनही. व्होल्टेज २१० ला उतरलं तर किती करंट जाईल? पुष्कळजण २००० ÷ २१० = ९.५ अँपिअर असं काढतात आणि ‘व्होल्टेज कमी झालं की गिझर जास्त करंट ओढतो’ म्हणतात. गिझर २००० वॅट घेतो ते फक्त २३० व्होल्टला. २१० ला प्लेटवरचे वॅट लागूच होत नाहीत. कायम राहतो तो रोध: २१० ÷ २६.४५ = ७.९४ अँपिअर. करंट कमीच झाला, आणि वॅट १६६७ वर आले.

वॅट व्होल्टेजच्या वर्गानं उतरतात, म्हणून थोड्या व्होल्टेजचा फरक मोठा पडतो. १९० व्होल्टला तोच गिझर १३६५ वॅटचा राहतो, म्हणजे ६८ टक्के. टाकीतलं पाणी १५ अंशांचं धरलं आणि १५ लिटर पाणी ५० अंशांवर न्यायचं, तर २२०० किलोज्यूलच्या जवळपास उष्णता लागते. २००० वॅटला त्याला १८ मिनिटं, १३६५ वॅटला जवळपास २७. निफाडकडे पारा खाली जातो त्या दिवसांत टाकीतलं पाणी आणखी गार असतं आणि व्होल्टेजही उतरलेलं असतं, त्यामुळे ‘गिझर कमजोर झाला’ असं वाटतं. एलिमेंट बदलण्याआधी व्होल्टेज मोजा. मात्र बोअरचं जड पाणी असेल तर एलिमेंटवर क्षार बसतात. वॅट तेवढेच जातात, पण उष्णता पाण्यात जायला अडते आणि एलिमेंटची तार आतून जास्त तापून लवकर तुटते. करंट बरोबर आणि तरी एलिमेंट वारंवार जळतं, असं असेल तर टाकी उघडून साफ करा.

थंड असताना मोजलेला आणि चालू असतानाचा रोध गिझरला जुळतो, कारण एलिमेंटची तार ज्या नायक्रोमची असते त्याचा रोध तापल्यावर फार वाढत नाही. बल्बच्या टंगस्टनचं तसं नाही. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट, ५५ वॅटच्या हॅलोजनचा पेटलेला असतानाचा रोध २.६ ओहम येतो, पण गार बल्ब मल्टीमीटरवर याच्या दहापट कमी दाखवतो. बल्ब चांगलाच असतो. त्याच्या वॅटचा हिशोब पेटवूनच करायचा. तांब्याचा रोधही तापल्यावर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के, २० वरून ६० अंशांवर गेलेल्या वायरीचा रोध १६ टक्के वाढलेला असतो.

सॉकेटच्या मागे लपलेला रोध

या रीतीचा खरा उपयोग इथे आहे, आणि नेमका तोच कोणी करत नाही. भिंतीतल्या वायरीत, एमसीबीच्या स्क्रूखाली, जंक्शन बॉक्समधल्या पिळलेल्या जॉइंटमध्ये अर्धा-पाव ओहमचा रोध बसलेला असतो. मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर तो मोजता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरीच ०.२-०.३ ओहमच्या असतात. शिवाय गार, बिनलोडचा सैल जॉइंट पुष्कळदा चांगला वाटतो. त्यातून आठ-दहा अँपिअर गेले की त्याचं खरं रूप दिसतं. म्हणून लोड टाकून व्होल्टेज किती पडतं ते बघायचं आणि करंटनं भागायचं.

गिझर बंद असताना सॉकेटवर २२८ व्होल्ट. गिझर चालू केला, २१९ व्होल्ट आणि ८.२८ अँपिअर. ९ व्होल्ट पडले. ९ ÷ ८.२८ = १.०९ ओहम, एवढा रोध ट्रान्सफॉर्मरपासून या सॉकेटपर्यंतच्या वाटेत आहे. व्होल्टेज हलत असतं, म्हणून चालू-बंद तीन-चार वेळा करा आणि प्रत्येक वेळी पडणारा फरकच लिहा. फरक सारखा येत असेल तरच पुढे जा.

यातला घराबाहेरचा वाटा किती, हे बघायला हीच मोजणी मेन बोर्डावर करा. लोड तोच, गिझर. तिथे समजा २२८ चे २२५ झाले. म्हणजे ३ व्होल्ट बाहेरच्या लाइनमध्ये पडतात आणि ६ व्होल्ट घरातल्या वायरिंगमध्ये. घरातला रोध ६ ÷ ८.२८ = ०.७२ ओहम.

आता तो किती असायला हवा? तांब्याच्या वायरीचा रोध २० अंशांना, दर किलोमीटरला असा: १.५ स्क्वेअर एमएमला १२.१ ओहम, २.५ ला ७.४१, ४ ला ४.९५, ६ ला ३.३०. बोर्डापासून बाथरूमपर्यंत १५ मीटर १.५ ची वायर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर. ०.०३ × १२.१ = ०.३६ ओहम. मोजलेला आला ०.७२. उरलेला ०.३६ ओहम वायरीचा नाही, कुठल्यातरी जॉइंटचा आहे. जाऊन-येऊन लांबी धरायला विसरलं तर हा हिशोब निम्म्यानं चुकतो आणि चांगल्या वायरिंगमध्ये नसलेला दोष दिसायला लागतो.

तिसरं सूत्र लावा: ८.२८ × ८.२८ × ०.३६ = जवळपास २५ वॅट. वायर १५ मीटरभर पसरलेली असते, तिच्यातली उष्णता भिंतीत विरते. हे २५ वॅट मात्र एका स्क्रूखाली किंवा एका पिळाखाली निघतात, आणि २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं. प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, आणि तापलेला जॉइंट ऑक्साइड धरून आणखी रोध वाढवतो. एमसीबी यात काही करू शकत नाही. करंट ८ अँपिअरच आहे, तिच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललंय.

जॉइंट शोधायचा क्रम: आधी सॉकेट, कारण १६ अँपिअरच्या टॉपाची पिन सैल पकडणारं सॉकेट हाच सगळ्यात नेहमीचा दोषी. दहा मिनिटं गिझर चालवून, बंद करून, टॉप काढून पिनांना हात लावा. एक पिन गरम आणि दुसरी गार असेल तर जागा सापडली. मग स्विच, मग एमसीबीचे दोन्ही स्क्रू, मग न्यूट्रलची लिंक. न्यूट्रलकडे लोक बघतच नाहीत, आणि करंट तिथूनही तेवढाच जातो. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, जिथे लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग आहे, तिथे अॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला नुसती पिळून जोडलेली आढळली तर तो जॉइंट मोजायचीही गरज नाही, बदलायचाच. स्क्रू आवळणं, सॉकेट बदलणं हे मेन बंद करून आणि परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. नंतर तीच मोजणी पुन्हा करा. ६ चे ३ व्होल्ट झाले पाहिजेत.

पडताळा हवा असेल तर विजेच्या मीटरवरचा लाल दिवा मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर चालू ठेवा आणि १०० लुकलुकींना किती सेकंद लागले ते बघा. वॅट = ३६,००,००० × लुकलुकी ÷ (छापील आकडा × सेकंद). ६०.४ सेकंद लागले तर १८६३ वॅट. गिझरनं घेतले १८१३. मधले ५० वॅट भिंतीत जातात, आणि ६ व्होल्ट × ८.२८ अँपिअर हाही हिशोब बरोबर ५० च येतो. दहाच लुकलुकी मोजल्या तर घड्याळाचं बटण दाबण्यातली चूकच या ५० वॅटपेक्षा मोठी होते, म्हणून १०० मोजा.

फ्रीज आणि मोटर: इथे भागाकार थांबवा

फ्रीजवर २३० व्होल्ट आणि ०.८ अँपिअर आले. गुणाकार १८४. हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे खरे वॅट कमी असतात. मीटरच्या लाल दिव्याच्या रीतीनं ११० वॅट आले तर ११० ÷ १८४ = ०.६ हा पॉवर फॅक्टर. गिझर-इस्त्रीला तो १ असतो, म्हणून तिथे साधा गुणाकार चालला.

आणि २३० ÷ ०.८ = २८७ ओहम हा वाइंडिंगचा रोध नव्हे. फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते आणि तेच करंट अडवून धरतं. बंद मोटरची वाइंडिंग ओहम रेंजवर मोजली तर आकडा कितीतरी कमी येतो. सुरू होताना हे उलटं व्होल्टेज नसतं, म्हणून डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे पूर्ण व्होल्टेज एकदम देणाऱ्या, स्टार्टरवर मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहापट करंट ओढते. थ्री फेज मोटरमध्ये सप्लाय काढून, केबल सोडवून, तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. आकडे एकसारखे हवेत. एक जोडी स्पष्टपणे कमी असेल तर त्या वाइंडिंगमध्ये वेढे शॉर्ट झालेत.

थ्री फेजचे वॅट = १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर, इथे व्होल्टेज दोन फेजांमधलं. पाच एचपीच्या पंपाला ४०० व्होल्ट, ८.५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४७१० वॅट, म्हणजे तासाला ४.७ युनिट. पाच एचपीचे शाफ्टवरचे वॅट ५ × ७४६ = ३७३०. बाकीचे मोटरच्या उष्णतेत जातात. एचपीलाच वॅट समजून बिलाचा अंदाज काढला तर तो नेहमी कमी निघतो.

थ्री फेज हीटरमधलं एक एलिमेंट गेलं तर

अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांत ओव्हन किंवा टाकीला ९ किलोवॅटचा हीटर असतो: ३ किलोवॅटची तीन एलिमेंट, डेल्टामध्ये, म्हणजे प्रत्येक एलिमेंट दोन फेजांच्या मध्ये, ४१५ व्होल्टला. प्रत्येक एलिमेंट ४१५ × ४१५ ÷ ३००० = ५७.४ ओहम. एलिमेंटमधून ७.२ अँपिअर, लाइनमधून त्याच्या १.७३२ पट, १२.५. क्लँप लावल्यावर एका लाइनमध्ये १२.५ आणि दोन लाइनींत ७.२ दिसले, तर ज्या दोन लाइनींत ७.२ आहे त्यांच्यामधलं एलिमेंट तुटलंय. पॅनल उघडून एकेक एलिमेंट सोडवत बसायला नको.

बंद करून ओहम मोजणार असाल तर डेल्टाच्या पट्ट्या आधी काढा. पट्ट्या असताना दोन टर्मिनलांमध्ये ५७.४ नव्हे, त्याच्या दोन तृतीयांश, ३८.३ दिसतं, कारण बाकीची दोन एलिमेंट एकापुढे एक जोडलेली त्याला समांतर येतात. ३८.३ वरून वॅट काढले तर एलिमेंट ४५०० वॅटचं निघतं आणि माणूस चुकीचं एलिमेंट मागवून बसतो. डेल्टाचा हीटर चुकून स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही एलिमेंटची एकेक टोकं एकत्र करून, जोडला गेला तर वॅट एक तृतीयांश होतात: ९ चे ३ किलोवॅट. काही जळत नाही, कुठे ट्रिप होत नाही, ओव्हन मात्र तापतच नाही.

विहिरीपर्यंतची केबल

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या बागांमध्ये स्टार्टर एकीकडे आणि विहीर दोनशे मीटरवर, हे नेहमीचंच. पाच एचपी, ८.५ अँपिअर, तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम केबल धरा. एका कोअरचा रोध ०.२ × ७.४१ = १.४८ ओहम. थ्री फेजमध्ये परतीची वायर धरायची नसते, लांबी एकेरीच. व्होल्टेज पडतं ते १.७३२ × ८.५ × १.४८ × ०.८ = १७.५ व्होल्ट. केबलमध्ये जाणारे वॅट ३ × ८.५ × ८.५ × १.४८ = ३२१. केबल ६ ची असती तर ८ व्होल्ट आणि १४३ वॅट. रोज आठ तास पंप चालला तर दिवसाला जवळपास दीड युनिट नुसतं केबलमध्ये वाचतं.

युनिटपेक्षा मोठा प्रश्न पंप सुरू होतानाचा आहे. ५१ अँपिअरच्या धक्क्याला, तेव्हाचा पॉवर फॅक्टर ०.५ धरून, २.५ च्या केबलमध्ये ६५ व्होल्ट पडतात, ६ च्या केबलमध्ये २९. रात्रीच्या पाळीत डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम सुरू होतात. स्टार्टरवर आधीच ३६० व्होल्ट असतील तर मोटरपाशी ३०० च्याही खाली जातं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं उतरतो, त्यामुळे ती उचलत नाही, गुणगुणत राहते आणि तापते.

चालू मोटरचं कमी व्होल्टेजला गिझरच्या उलट होतं. तिला तेवढंच पाणी उचलायचं असतं, म्हणून ती करंट वाढवते. ८ चे १० अँपिअर झाले तर वाइंडिंगची उष्णता १० × १० ÷ (८ × ८), म्हणजे १.५६ पट. करंट वाढला की मोटर बंद करणारी स्टार्टरमधली रिले ट्रिप होते ती यासाठीच. अशा वेळी रिलेचा स्क्रू फिरवून सेटिंग वाढवलं जातं, आणि मोटर रिवाइंडिंगला जाते.

रिले नेमप्लेटवरच्या करंटलाच ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वायरींवर असेल तर नेमप्लेटच्या ०.५८ पटीवर. तरीही ती पडत असेल तर पंप चालू असताना स्टार्टरच्या टर्मिनलवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज आणि तिन्ही वायरींचा करंट लिहून काढा. तिन्ही करंट वाढलेले आणि व्होल्टेज उतरलेलं असेल तर दोष लाइनचा. व्होल्टेज बरोबर असून तिन्ही करंट वाढलेले असतील तर पंप जाम होतोय किंवा बेअरिंग गेलंय. एकाच वायरीचा करंट वेगळा असेल तर आधी स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि केबलचा जॉइंट बघा, मग वाइंडिंग.